द्रव्याची चाकरी आणि देवाची चाकरी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक पेच

मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशूने एका मनुष्याला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही असे सांगितले आहे, आणि त्या दोन धन्यांची नावेही दिली आहेत. त्यांतला एक देव. दुसऱ्याचे नाव 'मामोन'. शुभवर्तमान ग्रीक भाषेत आपल्या हाती आले आहे. परंतु हा शब्द ग्रीक नव्हे. तो येशूच्या नित्य बोलण्यातील अरामी भाषेचा आहे, आणि ग्रीक लेखकाने त्याचे भाषांतर न करता तो जसाच्या तसा ठेवला आहे. संपत्ती, मालमत्ता, गाठीचा पैसा असा त्याचा साधा अर्थ. अनेक अभ्यासक त्याची व्युत्पत्ती 'ज्यावर भरवसा ठेवावा ते' अशा अर्थाच्या धातूपासून लावतात. प्रार्थनेच्या शेवटी येणारा 'आमेन' हा शब्दही त्याच धातूचा. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर येशूच्या वचनातील विरोध देव आणि दुर्गुण यांच्यातला राहत नाही, तो दोन भरवशांच्या ठिकाणांमधला होतो.

युरोपातील कल्पनेने या शब्दाला पुढे देहच दिला. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये मामोन हा स्वर्गातून पडलेल्या दूतांपैकी एक म्हणून येतो. मराठी भाषांतरांत असे झाले नाही. तेथे धन, पैसा अशी सरळ नामे आली, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राक्षस उभा न राहता कनवटीचा पैसा उभा राहिला. यात काही गमावले हे खरे. अनोळखी शब्दाचा धाक गेला, धनाला जे स्वामित्व मूळ वचनात आहे ते फिके झाले. परंतु काही साधलेही. राक्षसाची चाकरी आपण करीत नाही असे कोणीही छातीवर हात ठेवून म्हणू शकतो. कनवटीच्या पैशाविषयी तसे म्हणणे कठीण जाते.

क्रियापदाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ गुलाम म्हणून राबणे असा आहे. मराठीत त्यासाठी सेवा, चाकरी, दास्य असे तीन शब्द उपलब्ध, आणि प्रत्येकाला आपापला इतिहास. सेवा देवळातली, चाकरी वेतनाची, दास्य भक्तांचे. वारकरी संतांनी स्वतःला विठोबाचे दास म्हणवून घेतले ते वेतनावाचून. चाकरी म्हटली की तिच्यामागे महिन्याचा हिशेब आलाच. त्यातही मराठी माणसाला दोन घरची चाकरी करणारा मनुष्य परिचयाचा आहे. सकाळी एकाकडे आणि सायंकाळी दुसऱ्याकडे राबणाऱ्याला कोणी असंभाव्य मानीत नाही. म्हणून हे वचन मराठीत केवळ शब्दशः आणून भागत नाही. ते कोणत्या चाकरीविषयी आहे हे जगून ठरवावे लागते. एकोणिसाव्या शतकापासून मराठी ख्रिस्ती लेखकांनी ते कसे ठरविले, आणि ठरविताना कोणाला किंमत मोजावी लागली, हा येथील विषय आहे.

पेच त्याआधीचाही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. गोठ्यात जन्मलेल्या आणि तीस नाण्यांना विकल्या गेलेल्या ख्रिस्ताची कथा ओवीत सांगणारे हे काव्य ज्या काळी रचले गेले, त्याच्या थोडे आधी साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि त्यांच्या उत्पन्नाच्या जमिनी चर्चकडे व ख्रिस्ती विद्यालयांकडे वळविल्या गेल्या होत्या. स्टीफन्स यांच्या मराठीवरील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही दरिद्री ख्रिस्ताचे हे पुराण संपन्न व्यवस्थेच्या आश्रयाने लिहिले गेले, ही गोष्ट काव्याच्या थोरवीबरोबरच ध्यानात ठेवावी लागते.

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप पालटले. जो ख्रिस्ती होतो तो पैशासाठी होतो, हा आरोप या शतकात घरोघरी ऐकू येऊ लागला. वस्तुस्थिती पुष्कळदा उलटी होती. धर्मांतर करणाऱ्याला घर, बिऱ्हाड आणि वडिलोपार्जित मिळकत यांवर पाणी सोडावे लागे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद केली, यावरूनच तो बुडत असे हे दिसते. कायद्याने हक्क राखला तरी माणसे राखता येत नव्हती. बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८८ मध्ये 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. त्यात धर्मांतराची मोजदाद घरच्या माणसांत होते, रुपयांत नव्हे.

परंतु आरोपाला आधार मुळीच नव्हता असेही नाही. घरदार सुटलेल्या मनुष्याला पोट होते. त्याला शिक्षक, उपदेशक, पुस्तकविक्रेता म्हणून मिशन कामावर घेई. स्त्रियांना 'बायबलबाई' म्हणून नेमी. मिशनच्या कागदपत्रांत अशा नेमलेल्यांना 'एजंट' म्हणत. म्हणजे देवाची चाकरी करण्याबद्दल दरमहा वेतन, आणि ते वेतन परदेशातील भाविकांच्या वर्गणीतून. दोन धनी एकाच हाताने पगार वाटू लागले, असे या स्थितीचे वर्णन करता येईल. देणारे उदार होते यात संशय नाही. बॉस्टन वा एडिंबरो येथील सामान्य कुटुंबांनी स्वतःच्या गरजा कमी करून ते पैसे धाडले होते. पण एकाचे औदार्य समुद्र ओलांडून दुसऱ्याकडे पोहोचेपर्यंत त्याची नोकरी होते, हा अनुभव मराठी ख्रिस्ती समाजाने पहिल्या दोन पिढ्यांतच घेतला.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न दोन टोकांनी येतो. पहिले टोक त्यांच्या बालपणाचे. १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ते सांगितले आहे. त्या पुस्तकाच्या शीर्षकातच न संपणाऱ्या ठेव्याची, म्हणजे धनाचीच, प्रतिमा आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत. लोक दक्षिणा देत, आणि शास्त्रीबुवा ती ब्राह्मणांना, देवस्थानांना, व्रतांना देऊन टाकीत. दिल्याने देव प्रसन्न होईल, संकट टळेल, अशी श्रद्धा होती. दुष्काळ आला. भांडी, वस्त्रे, दागिने विकले गेले. हाती उरले तेही दानात गेले. नंतर झाडपाला, पाणी आणि रानटी खजूर यांवर दिवस काढावे लागले. अंगमेहनतीचे काम करणे कुळाला आणि विद्येला शोभणारे नव्हते, भीक मागणे त्याहून अवघड. १८७४ च्या सुमारास वडील गेले, मागोमाग आई आणि बहीण गेली. रमाबाई आणि श्रीनिवासशास्त्री ही भावंडे तेवढी पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

ही हकिगत लिहिताना रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या, आणि मागच्या आयुष्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी धर्मांतरिताची आहे, हे विसरता येत नाही. दानाची भारतीय परंपरा त्यांच्या वडिलांच्या दानापुरती मर्यादित नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातील सात्त्विक दान परतफेडीची अपेक्षा वगळते. डाव्या हाताला उजव्याचे कळू नये हा येशूचा उपदेश मराठी माणसाला परका वाटत नाही, कारण 'गुप्तदान' हा शब्द त्याच्या घरातलाच आहे. खरा भेद पात्रापात्रविचाराचा आहे. गीतेतील त्या श्लोकातही देश, काल आणि पात्र यांची अट आहे. जखमी वाटसरूच्या दृष्टान्तातील शोमरोनी मनुष्य समोरच्याची जात, विद्या, योग्यता यांपैकी काहीच विचारीत नाही. अर्थात मराठी संतचरित्रांत त्यालाही जोड आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारे एकनाथ पात्रविचारात बसत नाहीत. रमाबाईंचा आक्षेप सर्व दानावर नव्हता. देवाशी केलेल्या देवघेवीवर होता, आणि ती देवघेव त्यांच्या घरात तीन मृत्यूंनी संपली होती.

दुसरे टोक १८८७ पासूनचे. त्या वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षे साहाय्य देण्याचे त्याने ठरविले. त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. देणारे ख्रिस्ती, चालविणारी ख्रिस्ती, शिकणाऱ्या हिंदू विधवा. आणि संस्थेत धर्माचा आग्रह धरावयाचा नाही अशी अट. १८९३ मध्ये ही घडी विस्कटली. मुली प्रार्थनेस बसतात यावरून वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कोणी कोणाचा विश्वासघात केला हा वाद येथे पुन्हा उकरण्यात अर्थ नाही. परंतु पैसा कोणाचा आणि वचन कोणाला, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी होता.

दहा वर्षांची मुदत संपत आली त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात उपाशी राहिलेली स्त्री या वेळी देणाऱ्याच्या जागी होती. या मुलींसाठी कोणाचेही वचन मिळालेले नव्हते. ब्रिस्टॉल येथे अनाथगृहे चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. म्यूलर मनुष्याकडे मागत नसत, केवळ देवाकडे मागत, असा त्यांचा नियम होता. केडगावचे मुक्ती मिशन त्याच तत्त्वावर उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

या 'न मागण्या'विषयी थोडे थांबून बोलणे जरूर आहे. म्यूलर मागत नसत हे खरे. पण प्रार्थनेची उत्तरे कशी आली याचे वृत्तान्त ते दरसाल छापीत, आणि ते वृत्तान्त वाचून लोक पैसे धाडीत. केडगावहूनही पत्रिका निघे. न मागण्याची हकिगत सांगणे हे एक प्रकारचे मागणेच नव्हे काय, असे कोणी विचारल्यास त्याला उडवून लावता येणार नाही. तरीही फरक राहतो. ज्याच्याकडे मागितले नाही, त्याला अट घालता येत नाही. शारदा सदनाच्या अनुभवानंतर रमाबाईंना अट नसलेल्या पैशाचे मोल कळले असले पाहिजे. शिवाय केडगावात केवळ प्रार्थना नव्हती. शेती होती, विहिरी होत्या, माग होते, छापखाना होता. मुली राबत, शिकत आणि खिळे जुळवीत. रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. नवा करार १९१३ मध्ये आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये. अंगमेहनतीला कमीपणा मानून उपाशी राहिलेल्या कुटुंबातील मुलीने हे उभे केले, यातच तिच्या वडिलांच्या दानाला तिने दिलेले उत्तर आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्यापाशी आल्यावर पेच संस्थेतून घरात शिरतो. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते अमेरिकन मराठी मिशनचे अध्यापक, पाळक आणि पुढे 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सर्वश्रुत आहेत. भक्तीच्या बाबतीत या पुलाची चर्चा पुष्कळ झाली. धनाच्या बाबतीतही तो पूल आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

तुकोबांची कथा महिपतीने सांगितली ती अशी की, वडिलांच्या सावकारीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. सर्व नव्हे, अर्धी धाकट्या भावाच्या वाट्याची म्हणून त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्याच्या पैशावर उदार होण्याचा मोह त्यात टाळलेला आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायात याच्या नेमका उलट असा एक कारभारी येतो. नोकरी जाणार असे दिसताच तो धन्याच्या ऋणकोंना बोलावतो आणि खतावरील शंभर माप तेलाचे पन्नास, शंभर माप गव्हाचे ऐंशी करावयास सांगतो. उदार होतो तो दुसऱ्याच्या पैशावर. येशू त्याच्या चतुरपणाची वाखाणणी करतो, आणि लगेच पुढे मामोन हा शब्द पुन्हा येतो. टीकाकारांना या दृष्टान्ताने फार छळले आहे. मनुष्यापाशी जे काही आहे ते मुळातच दुसऱ्याचे, तो फक्त कारभारी, असे मानले म्हणजे दृष्टान्त थोडासा उलगडतो. देहूचा वाणी आणि लूकचा कारभारी दोघेही ऋणकोला मोकळे करतात. एकाने आपले बुडविले, दुसऱ्याने धन्याचे.

टिळकांचे औदार्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते, आणि तसे म्हणण्याचा आधार 'स्मृतिचित्रे' हा आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. येईल ते देऊन टाकणे, मनात येईल त्यावर खर्चून टाकणे, अनाथ आणि आश्रित यांना घरी आणणे, आणि उद्याचे काय असे कोणी विचारल्यास त्या प्रश्नाचेच नवल करणे, हा त्यांचा स्वभाव. मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात, दोन धन्यांच्या वचनापाठोपाठ, काय खावे आणि काय नेसावे याची चिंता करू नका असा उपदेश येतो. टिळक तो अक्षरशः जगले. पण घरात चूल होती, आणि चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीला चिंता न करण्याची मोकळीक नव्हती. टिळकांनी न केलेली चिंता नाहीशी होत नसे. ती लक्ष्मीबाईंकडे येई.

येथेच या ग्रंथाचे वाङ्मयीन आणि नैतिक वैशिष्ट्य आहे. संतांच्या चरित्रांत उदार पती आणि त्रासलेली पत्नी ही जोडी नवी नाही. तुकोबांची आवली शतकानुशतके कीर्तनांत कजाग म्हणून रंगविली गेली, आणि श्रोते हसले. तिच्या घरी मुले उपाशी होती याची नोंद त्याच कथांत आहे, पण ती बाजूला पडते. आवलीला आपली बाजू स्वतः लिहिता आली नाही. लक्ष्मीबाईंनी ती लिहिली. तीही गाऱ्हाणे म्हणून नव्हे. पतीच्या अव्यवहारीपणावर त्या हसतात, वैतागतात, पैसा त्याच्यापासून सांभाळून ठेवतात, आणि त्याच वेळी त्याच्या मनाचा मोठेपणा वाचकाच्या लक्षात आणून देतात. तुमच्या औदार्यात माझाही तांदूळ आहे, असे त्या कोठे म्हणत नाहीत. पानापानांतून ते दिसते. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, परक्यांची मुले पोटाशी धरू लागल्या, तेव्हा देण्याची क्रिया पतीची न राहता दोघांची झाली; परंतु हिशेब शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिला.

'स्मृतिचित्रे'वरील टीकेत विनोदाची जितकी स्तुती झाली, तितका त्या विनोदाच्या अर्थशास्त्राचा विचार झालेला दिसत नाही. येशूने मंदिराच्या दानपेटीपाशी बसून एका विधवेची दोन तांब्याची नाणी पाहिली आणि तिने सर्वांहून अधिक टाकले असे म्हटले. ती नाणी तिची होती, आणि उपास पडलाच तर तो तिलाच पडणार होता. टिळकांचे दान आणि विधवेचे दान यांतील अंतर येथे मोजावे लागते. टिळकांच्या बाबतीत लोभाचा संशय कोणालाही येणार नाही. द्रव्याची चाकरी त्यांनी मुळीच केली नाही. पण द्रव्याची चाकरी न करणे आणि द्रव्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसतात.

मिशनशी असलेले टिळकांचे नाते याच स्वभावातून समजून घ्यावे लागते. मिशनऱ्यांवर त्यांचे प्रेम होते, वेतनाचे मात्र त्यांना ओझे वाटे. देशी मंडळी परदेशी वर्गणीवर जगते तोवर ख्रिस्त या देशाला परका वाटणार, ही त्यांची खंत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे काम सोडले आणि 'देवाचा दरबार' उभारण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत अशी कल्पना होती. मराठीत 'भाव' हा शब्द भक्तीलाही लागतो आणि बाजारालाही. देव भावाचा भुकेला असे म्हणणारा मनुष्य बाजारात गेला की भाव विचारतोच. टिळकांना या शब्दाचा एकच अर्थ शिल्लक ठेवावयाचा होता. हाती फक्त दोन वर्षे होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि ते १९३८ मध्ये, त्याही गेल्यानंतर, प्रसिद्ध झाले. येथेही आरंभ टिळकांचा आणि निस्तरणे लक्ष्मीबाईंचे.

हा पेच मराठीपुरता नव्हता. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरिया या तमिळ ख्रिस्ती पुढाऱ्याने केलेले भाषण प्रसिद्ध आहे. १९१२ मध्ये ते दोर्नकलचे बिशप झाले. तुम्ही आपले धन दिले, देहही झिजविलेत, याबद्दल भारतीय मंडळी कृतज्ञ राहील. आता मैत्री द्या, अशा अर्थाची मागणी त्यांनी सभेपुढे ठेवली. सभेतील पुष्कळांना ती रुचली नाही. देणाऱ्याला कृतज्ञता कळते, बरोबरी कळावयास वेळ लागतो. मराठी ख्रिस्ती लेखकांनी घरगुती तपशिलांतून जे दाखविले, ते अझरियांनी व्यासपीठावरून तोंडावर सांगितले.

स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी वर्गणीचा प्रश्न मागे पडत गेला आणि द्रव्याने दुसरे रूप घेतले. वसईच्या ख्रिस्ती समाजापुढे ते जमिनीच्या भावाच्या रूपाने आले. वाड्या, विहिरी, पानमळे विकून एका व्यवहारात आयुष्यभराची ददात मिटविता येते, हा मोह मुंबईच्या सान्निध्याने निर्माण केला. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे हरित वसईच्या चळवळीत उतरले ते या टप्प्यावर. पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. जमीन राखणे ही उदारता मानावी काय, असा प्रश्न येथे उद्भवतो. ज्या पिढीचा जन्म व्हावयाचा आहे तिच्यासाठी काही न विकता ठेवणे हेही देणेच आहे, असे मानले तर तिचा समावेश येथे करावा लागतो. प्रश्न मोठा आहे आणि स्वतंत्र लेखाचा आहे.

अझरियांचे भाषण झाले त्याच १९१० मध्ये भारताच्या दुसऱ्या टोकाला, मिझो डोंगरांत, एक प्रथा सुरू झाली. तिच्याविषयी कोणी व्यासपीठावरून बोलले नाही. मिझो भाषेत तिला 'बुहफाइ थाम' म्हणतात. एक मूठ तांदूळ असा त्याचा अर्थ. मिझो ख्रिस्ती समाज गरीब होता, रोकड पैसा घरांत क्वचितच दिसे, आणि स्त्रियांच्या हाती तर नसेच. पण तांदूळ शिजविणे त्यांच्या हाती होते. स्वयंपाकासाठी तांदूळ काढला की त्यातली एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकावयाची. साठलेला तांदूळ मंडळीच्या स्त्रिया घरोघरी फिरून गोळा करीत, तो विकला जाई आणि पैसा मंडळीच्या कार्याला जाई. ही प्रथा आजही चालू आहे, आणि मिझो मंडळीच्या उत्पन्नात तिचा वाटा लहान नाही.

दशांश देण्याची बायबलमधील रीत उत्पन्नावर मोजली जाते, आणि उत्पन्न प्रायः पुरुषाच्या नावे असते. मूठ मोजली जाते ती शिजणाऱ्या अन्नावर. देणारी तीच आणि तिच्या घरात त्या जेवणात किती कमी पडेल हे जाणणारीही तीच. मुलांच्या पानात काय उरते हे पाहून ती मूठ भरते. परदेशातून आलेला पैसा त्यात नाही, अट घालणारा त्यात नाही, पेटीपाशी उभे राहून पाहणारा त्यात नाही. 'स्मृतिचित्रे' आणि हा डोंगरातला तांदूळ एकमेकांना माहीत नव्हते. राहुरीच्या आणि नगरच्या बिऱ्हाडांत लक्ष्मीबाई डब्याच्या तळाशी हात घालून आज किती शिजवावे आणि दाराशी आलेल्याला त्यातले किती द्यावे हे ठरवीत होत्या, त्याच वर्षांत मिझो बायका तो हात डब्यातून वर काढून एक मूठ दुसऱ्या भांड्यात टाकू लागल्या होत्या.